कारभारीण होताना: सात गैरसमज आणि धाराशिवची वस्तुस्थिती

ग्रामपंचायतीच्या आरक्षणाची सोडत निघते, चिठ्ठीत ‘सर्वसाधारण महिला’ असं निघतं आणि पारावरचा पहिला प्रश्न असतो, ‘आता कोणाच्या बायकोला उभं करायचं?’ महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. म्हणजे धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी या आठही तालुक्यांत गावकारभाराच्या निम्म्या खुर्च्या बायकांच्या आहेत. बचत गट, ग्रामसंघ आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांतही त्या अध्यक्ष, सचिव, संचालक आहेत. तरीही ‘बाईला आत्मविश्वास नसतो’, ‘बाईला बोलणी करता येत नाहीत’ ही वाक्यं गावात आजही सहज बोलली जातात. ती बोलणाऱ्यांत पुरुष असतात तशा बायकाही असतात.

या समजुती तपासायला धाराशिवइतका चांगला जिल्हा क्वचित सापडेल. इथे भूकंप झाला, दुष्काळ पडले, केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत हा जिल्हा आला. याच काळात इथल्या बायकांनी कारभार आणि वाटाघाटी शिकून घेतल्या. एकेक गैरसमज त्यांच्या अनुभवावर घासून पाहू.

गैरसमज 1: आधी आत्मविश्वास हवा, मग जबाबदारी द्यावी.

वस्तुस्थिती: 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, गावं गाढ झोपेत होती. चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांतली हजारो माणसं दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. सास्तूरसारखी गावं होत्याची नव्हती झाली.

पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम जागतिक बँकेच्या मदतीनं 1994 मध्ये सुरू झाला. जी घरं पूर्ण पडली नव्हती त्यांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः करायचं होतं. सरकारी पैसे हप्त्यांनी मिळणार होते, अभियंते देखरेख ठेवणार होते. पण घराघरांत माहिती पोचवायची कोणी? हप्ता अडला तर अधिकाऱ्याला विचारायचं कोणी? त्यासाठी गावोगावी महिलांना ‘संवाद सहायक’ नेमलं गेलं. हे काम उभं करण्यात सामाजिक कार्यकर्त्या प्रेमा गोपालन आणि त्यांचे सहकारी पुढे होते. त्यातूनच ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था आकाराला आली.

या संवाद सहायकांपैकी अनेकींनी त्याआधी तहसील कार्यालयाची पायरी चढलेली नव्हती. त्यांच्याकडे कोणी आत्मविश्वासाचा दाखला मागितला नाही. काम दिलं. सिमेंटच्या गोण्या मोजणं, भिंतीत सांधदगड बसतोय का पाहणं, अडलेल्या हप्त्याचं कारण विचारणं, बैठक बोलावणं. पहिल्या बैठकीत पदर सावरत उभी राहिलेली बाई पुढे अभियंत्याला कामातला दोष दाखवू लागली, कारण तोवर तिला तो दोष ओळखता येत होता.

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंड्युरा यांनी 1977 मध्ये हेच सूत्र मांडलं. ‘मला हे जमेल’ ही भावना माणसात सर्वांत भक्कमपणे रुजते ती स्वतः काम तडीस नेल्याच्या अनुभवातून. इतरांची शाबासकी आणि भाषणं त्यानंतर येतात. म्हणून नव्या सरपंच बाईला पहिल्या महिन्यात प्रेरणादायी व्याख्यानापेक्षा एक छोटं, पूर्ण होणारं काम हाती घेणं जास्त उपयोगी पडतं: एका वस्तीचा बंद नळ, अंगणवाडीचं गळकं छप्पर, पथदिव्यांची यादी.

गैरसमज 2: राखीव जागेवरची बाई नावापुरती, कारभार नवराच पाहणार.

वस्तुस्थिती: ‘सरपंचपती’ हा प्रकार आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. 2023 मध्ये तो सर्वोच्च न्यायालयासमोरही गेला आणि त्यानंतर केंद्रीय पंचायत राज मंत्रालयानं त्यावर समिती नेमली. पण हा प्रकार आहे म्हणून आरक्षण फुकट गेलं, असा निष्कर्ष काढणं चूक आहे.

राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि पुढे नोबेल मिळवणाऱ्या एस्थर डफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध केला. कोणती पंचायत राखीव होणार हे चिठ्ठीसारख्या पद्धतीनं ठरत असल्यामुळे तुलना चोख होती. महिला प्रमुख असलेल्या पंचायतींनी महिलांच्या गरजांवर, विशेषतः पिण्याच्या पाण्यावर, जास्त खर्च केलेला दिसला. निर्णय खरोखर नवरेच घेत असते, तर खर्चात हा फरक पडला नसता.

आपल्या राज्यातला पुरावा आणखी बोलका आहे. रिखिल भवनानी यांनी मुंबई महापालिकेच्या 1997 आणि 2002 च्या निवडणुका तपासल्या. जे प्रभाग आधीच्या निवडणुकीत महिलांसाठी राखीव होते, तिथे आरक्षण उठल्यानंतरही महिला निवडून येण्याची शक्यता त्या निवडणुकीत राखीव नसलेल्या प्रभागांच्या सुमारे पाचपट होती. लोकांनी बाईचा कारभार पाहिला आणि पुन्हा मत दिलं.

नावापुरतं राहायचं नसेल तर सुरुवात सहीपासून करावी. ग्रामपंचायतीच्या खात्यावरचा पैसा सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या संयुक्त सहीशिवाय हलत नाही. वाचल्याशिवाय सही करायची नाही, कोऱ्या धनादेशावर तर कधीच नाही, एवढा एक नियम पाळला तरी घरचे आणि दारचे दोघेही आधी तुम्हाला विचारू लागतात. अक्षरओळख कमी असेल तर कागद मोठ्यानं वाचून घ्यावा, आपल्या विश्वासातल्या शिकलेल्या मुलीकडून पुन्हा वाचून घ्यावा. नव्यानं निवडून आलेल्या पुरुष सरपंचालाही पहिल्या दिवशी अंदाजपत्रक कळत नाही. फक्त त्याला कोणी त्यावरून नालायक ठरवत नाही.

गैरसमज 3: बायकांना वाटाघाटी जमत नाहीत, त्या मागतच नाहीत.

वस्तुस्थिती: अमेरिकेतल्या लिंडा बॅबकॉक यांच्या 2003 मधल्या पुस्तकामुळे ‘बायका मागत नाहीत’ ही कल्पना जगभर पसरली. नंतरच्या अभ्यासांनी त्या चित्रात भर घातली. अँड्रियास लायब्रँट आणि जॉन लिस्ट यांनी नोकरीच्या जाहिरातींवर प्रयोग केला. पगारावर बोलणी करता येतील असं स्पष्ट लिहिलं, तेव्हा बायका पुरुषांइतक्याच पुढे आल्या. ते लिहिलं नव्हतं तेव्हाच फरक दिसला. ऑस्ट्रेलियातल्या नोकरदारांच्या अभ्यासात तर असं आढळलं की बायका पगारवाढ पुरुषांइतकीच मागतात, त्यांना ती मिळते मात्र कमी. म्हणजे सगळा दोष मागणाऱ्या बाईच्या माथी मारता येत नाही.

आता आपल्या शिवारात येऊ. 2012 नंतरच्या सलग दुष्काळांत सोयाबीन आणि उसावर विसंबलेली घरं कोलमडली. पीक गेलं की पैसाही गेला आणि घरात खायला धान्यही नाही. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोगाशी जोडलेल्या बायकांनी घरात एक मागणी ठेवली: सगळी जमीन तुम्ही करा, पण अर्धा-एक एकर मला द्या. त्यात काय पेरायचं ते मी ठरवीन. त्या तुकड्यात ज्वारी, कडधान्यं, भाजीपाला असं मिश्र पीक, शेणखत आणि गांडूळखत, कमी पाणी. हे ‘एक एकर मॉडेल’ जिल्हाभर पसरलं आणि 2016 मध्ये या कामासाठी संस्थेला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

या मागणीची बांधणी नीट पाहा. पूर्ण जमीन मागितली असती तर नकार ठरलेला होता. एक तुकडाच मागितला, तोही बहुधा हलका. नवऱ्याचा धोका कमी ठेवला. घराला काय मिळेल ते आधी सांगितलं: घरचं धान्य, घरची भाजी, बाजारचा वाचलेला खर्च. हंगामानंतर हिशेब दाखवला आणि मग पुढची बोलणी केली. व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवल्या जाणाऱ्या वाटाघाटीचे सगळे टप्पे यात आहेत. ज्यांनी ते केलं त्यांना ‘जमत नाही’ म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

एक गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी. कसायला मिळालेला एकर आणि सातबाऱ्यावरचं नाव यांत मोठं अंतर आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1986 च्या चांदवड अधिवेशनात हा प्रश्न ऐरणीवर आणला आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेतून नवऱ्यांना बायकांच्या नावे जमीन करून द्यायला लावलं. महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि केंद्रानं 2005 मध्ये हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला. पहिल्या वर्षी एकर मागितला असेल, तर पुढच्या बोलणीत सातबारा आला पाहिजे.

गैरसमज 4: वाटाघाट म्हणजे चढ्या आवाजात बोलणं.

वस्तुस्थिती: आवाजापेक्षा तयारी जास्त काम करते. जिल्ह्याचं जुनं नाव मिरवणाऱ्या उस्मानाबादी शेळीचंच उदाहरण घ्या. शेळी सांभाळते घरातली बाई. व्यापारी दारात येतो, नजरेनं अंदाज बांधतो आणि भाव सांगतो. मुलाची शाळेची फी तोंडावर असेल, दुसरं गिऱ्हाईक नसेल आणि शेळीचं वजन माहीत नसेल, तर ती बाई कितीही मोठ्यानं बोलली तरी सौदा व्यापाऱ्याच्याच मनासारखा होणार. तिनं वजनकाट्यावर शेळी तोलली, आठवडी बाजारातला भाव विचारून ठेवला, दुसऱ्या व्यापाऱ्याला फोन केला आणि फीसाठी बचत गटातून थोडी उचल घेतली, की तीच बाई शांतपणे ‘या भावात नाही देणार’ म्हणू शकते. बकरी ईदपर्यंत थांबणंही तिला परवडतं.

रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी 1981 मध्ये वाटाघाटींवर जे पुस्तक लिहिलं त्यातली एक मुख्य कल्पना हीच आहे: बोलणी फिसकटली तर आपल्याकडे दुसरा कोणता मार्ग आहे, यावर आपलं बळ ठरतं. म्हणून गटविकास अधिकाऱ्यापुढे, बँकेत, कंत्राटदारासमोर किंवा पक्षाच्या तिकीटवाटपाच्या बैठकीत जाण्याआधी वहीत चार ओळी लिहाव्यात. मला काय हवं आहे? किमान कशावर मी तयार होईन? नाही म्हणाले तर मी काय करीन? समोरच्याची अडचण काय आहे? शेवटचा प्रश्न अनेकजणी सोडून देतात. अधिकाऱ्याला मार्चअखेर निधी खर्ची टाकायचा असतो, बँकेला परतफेडीची खात्री हवी असते, कंत्राटदाराला बिल वेळेवर हवं असतं. ती अडचण कळली की देवाणघेवाणीला जागा सापडते.

बाईच्या वाट्याला आणखी एक अडथळा येतो. हॅना रायली बोल्स आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दाखवलं की स्वतःसाठी जास्त मागणाऱ्या बाईबद्दल लोकांचं मत तशाच पुरुषापेक्षा जास्त कलुषित होतं. त्याच वेळी एमिली अमानतुल्ला आणि मायकल मॉरिस यांच्या 2010 च्या अभ्यासात दुसऱ्यांच्या वतीनं बोलणी करताना बायका पुरुषांइतक्याच जोरकस दिसल्या. गावातल्या बायकांनी हे कधीच ओळखलं आहे. ‘मला पाहिजे’ऐवजी ‘आमच्या वस्तीतल्या चाळीस घरांना पाहिजे’ असं त्या म्हणतात. ही रीत उपयोगाची आहे, जरूर वापरावी. पण समाजानंही लक्षात घ्यावं की बाईनं स्वतःचं मानधन, स्वतःची गाडीभाड्याची रक्कम, स्वतःचं पद मागणं यात वावगं काही नाही.

गैरसमज 5: गोडीगुलाबीनं घेतलं तरच बाईचं काम होतं.

वस्तुस्थिती: वाटाघाट सवलतीची करायची असते. हक्क मागून घ्यायचा असतो. दोन्हींत गल्लत झाली की बाई जे तिचंच आहे त्यासाठीही विनवण्या करत बसते.

‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या बचत गटांना 10 लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेनं तारण किंवा मार्जिन मागू नये, गटाच्या बचत खात्यावर बोजाही ठेवू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शाखेत कोणी मुदत ठेव ठेवा म्हणालं तर त्यावर घासाघीस करायची नाही. नियम दाखवायचा आणि नकार लेखी मागायचा. नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. ती कागदावर दाखवली जात असेल तर इतिवृत्त मागायचं. महिलेसाठी राखीव पदावरच्या सरपंच बाईविरुद्धचा अविश्वास ठराव साध्या बहुमतानं मंजूर होत नाही, त्याला एकूण सदस्यांच्या तीन चतुर्थांश मतं लागतात. धमकी देणाऱ्यांना हा आकडा माहीत असतो. तो तुम्हालाही माहीत हवा.

जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात असा आरोप ठेवून अपात्र ठरवलं गेलं होतं. त्या थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या. सप्टेंबर 2024 मध्ये न्यायालयानं त्यांना पद परत दिलं आणि बाई सरपंच झाल्याचं गावकऱ्यांना पचलं नाही, अशा आशयाचे कडक शब्द वापरले. प्रत्येकीला दिल्ली गाठावी लागू नये. पण गोड बोलून सुटलं नसतं असं ते प्रकरण होतं आणि अशी प्रकरणं गावोगावी आहेत.

गैरसमज 6: नेतृत्व उपजत असतं, एखादीच वाघीण जन्माला येते.

वस्तुस्थिती: ज्यांना आपण वाघीण म्हणतो त्यांच्या मागे गट उभे असतात. धाराशिव जिल्ह्यातल्या हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांना 8 मार्च 2022 रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. बांगड्यांच्या छोट्या धंद्यापासून सुरुवात करून त्यांनी कुक्कुटपालन उभं केलं आणि गावोगावच्या बायकांना धंद्यात आणलं. तुळजापूर तालुक्यातल्या गोदावरी डांगे यांना तरुणपणीच वैधव्य आलं. त्या बचत गटाच्या बैठकीत जाऊ लागल्या, तिथून हजारो शेतकरी महिलांच्या संघटनापर्यंत पोचल्या. दोघींच्या कहाणीत जिद्द आहेच. पण बैठकीत पहिल्यांदा बोलताना ऐकून घेणाऱ्या बायका, पहिलं कर्ज देणारा गट, बाहेरगावी जाताना सोबत येणारी मैत्रीण हेही त्या कहाणीचं तितकंच मोठं अंग आहे.

26 जानेवारी 2001 ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिथल्या बायकांना भेटायला गेल्या. घर पुन्हा कसं बांधायचं, हप्त्यांचा हिशेब कसा ठेवायचा, अधिकाऱ्यांशी कसं बोलायचं हे त्यांनी स्वतःच्या अनुभवातून सांगितलं. सात-आठ वर्षांपूर्वी ज्या स्वतः मातीच्या ढिगाऱ्याजवळ बसल्या होत्या, त्या दुसऱ्या राज्यात शिकवायला गेल्या. उपजत गुणांच्या कल्पनेत हे बसत नाही.

म्हणून महत्त्वाच्या बोलणीला एकटीनं जाऊ नये. दोघी-तिघींनी जावं, एकीनं बोलावं, एकीनं लिहून घ्यावं. ठरलेलं तिथेच वाचून दाखवावं. साक्षीदार असले की शब्द फिरवणं अवघड जातं.

गैरसमज 7: प्रशिक्षण दिलं की बाकी तिचं ती पाहील.

वस्तुस्थिती: दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन बाई घरी येते तेव्हा पाण्याची घागर, जनावरं आणि सासूचं औषध तिची वाट पाहत असतात. बैठक संध्याकाळी सातला ठेवली तर स्वयंपाकाच्या वेळी ती येणार कशी? पंचायत समितीत जायला एसटी नसेल आणि घरची दुचाकी दिराकडे असेल, तर ती दुसऱ्याच्या मर्जीवर राहते. कार्यालयात महिलांसाठी स्वच्छतागृह नसेल, तर ती दिवसभर पाणी न पिता बसते. हा आत्मविश्वासाचा अभाव नव्हे, सोयींचा अभाव आहे आणि तो दूर करणं तिच्या एकटीच्या हातात नाही.

त्यात आरक्षण फिरतं. पाच वर्षांत बाई कारभार शिकते, तोवर जागा खुली होते आणि पक्ष तिकीट पुन्हा पुरुषाला देतात. मुंबईच्या प्रभागांनी दाखवून दिलं आहे की अनुभवी बाईला मतदार पुन्हा निवडतात. अडतं ते तिकीट देणाऱ्यांपाशी. धाराशिवमधल्या प्रत्येक पक्षाच्या तालुका कार्यकारिणीनं खुल्या जागेवर माजी महिला सरपंचांचा विचार करावा आणि त्या सरपंचांनीही तिकिटाची मागणी कामाच्या यादीसह लेखी द्यावी.

घरच्या पुरुषांनाही एक सांगणं आहे. बायकोच्या खुर्चीवर बसून तुम्हाला मान मिळत नाही. गाव पाठीमागे काय बोलतं ते तुम्हालाही ऐकू येतं. बैठकीच्या दिवशी जनावरांचं तुम्ही बघा, मुलांना जेवू घाला, कागद वाचायला मदत करा आणि निर्णय तिला घेऊ द्या.

आणि ज्या आज सदस्य, सरपंच, गटाच्या अध्यक्ष आहेत किंवा होऊ पाहताहेत, त्यांनी ‘मला जमेल का’ या प्रश्नावर अडून राहू नये. येत्या ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायला लावा, तिचं इतिवृत्त लिहून घ्या आणि गावाच्या अंदाजपत्रकाची प्रत लेखी अर्ज देऊन मागा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.